प्रश्न कुठल्या बंदरातून आला?

काही वर्षांपूर्वी पापलेटवरचा एक संशोधन प्रस्ताव माझ्याकडे छाननीला आला होता. तीन वर्षांचं काम, कोकणातली चार बंदरं. दर महिन्याला प्रत्येक बंदरावरून ठरावीक मासे विकत घ्यायचे, लांबी-वजन नोंदवायचं, पोट उघडून गाबोळी कितपत तयार झाली आहे ते बघायचं आणि पापलेट पहिल्यांदा विणीला येतं तेव्हा केवढं असतं ते ठरवायचं. प्रश्न मोलाचा होता. संदर्भ भरपूर, संख्याशास्त्र चोख, इंग्रजी सफाईदार. शेवटच्या पानावर कामाचं वेळापत्रक होतं. ३६ महिन्यांचे ३६ चौकोन, आणि ‘नमुने गोळा करणे’ या ओळीतले ३६ही चौकोन काळे केलेले.

मी त्या ओळीवर अडले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. ६१ दिवस यांत्रिक नौका वर ओढलेल्या असतात, खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात, जेटीवर बर्फाचा खडा दिसत नाही. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते हे खरं, पण उधाणलेल्या समुद्रात काठाकाठाने गेलेल्या होडीला जे मिळेल त्यावर चार बंदरांचा नमुना उभा राहत नाही. म्हणजे तीन वर्षांतले सहा चौकोन काळे होणारच नव्हते. आणि बंदीचं एक कारणच मुळी हे, की तो अनेक माशांच्या विणीचा काळ. ज्या प्रश्नासाठी पैसे मागितले होते, त्याच्या उत्तराला नेमकं तिथेच भगदाड पडणार होतं.

माझ्याबरोबरच्या दोघा परीक्षकांनी कार्यपद्धतीला भरघोस गुण दिले होते. दोघंही जाणकार. एक आनुवंशशास्त्रातले, दुसरे संख्याशास्त्रातले. त्यांनी आपापल्या बाजूने अर्ज बारकाईने वाचला होता. फक्त जून महिन्यात बंदर कसं दिसतं ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि मूल्यांकनाच्या तक्त्यातल्या कुठल्याही रकान्याने त्यांना ते विचारलंही नव्हतं. हे पुस्तक त्या न विचारलेल्या गोष्टीपासून सुरू होतं. म्हणून त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

अर्जाचा प्रवास सगळीकडे साधारण सारखाच असतो. निधी देणारी संस्था विषय जाहीर करते, मुदत देते. आलेल्या अर्जांतून अपुरे आणि विषयाबाहेरचे आधी बाजूला निघतात. उरलेले दोन-तीन किंवा अधिक तज्ज्ञांकडे जातात, ते गुण आणि शेरे देतात. मग समिती बसते, गुणांची यादी समोर ठेवून चर्चा करते, शिफारस करते आणि अखेरची सही अधिकाऱ्याची किंवा मंडळाची होते. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. माहितीपत्रकात सापडत नाही ते हे, की या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर कोण बसतं आणि त्याला कोणी बसवलेलं असतं. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. आणि ते बरंचसं पैसे कुठून आले यावर ठरतं.

अमेरिकेतली साल्टनस्टॉल-केनेडी योजना याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार परदेशातून येणाऱ्या स्वस्त गोठवलेल्या मासळीने हैराण झाले होते. मॅसॅच्युसेट्सचे दोन सिनेटर, लेव्हरेट साल्टनस्टॉल आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन एफ. केनेडी, एक रिपब्लिकन तर दुसरे डेमोक्रॅट. दोघांच्या नावाने १९५४ मध्ये कायदा झाला. आयात मासळीवर जी जकात गोळा होते तिच्यातला ३० टक्के वाटा देशी मासेमारीच्या संशोधनासाठी आणि विकासासाठी वळवायचा. ज्या मालाने मच्छीमाराचं पोट मारलं, त्याच मालावरच्या जकातीतून त्याला उभं करायचं, असा त्यामागचा सरळ हिशोब होता.

या कायद्यात आणखी एक गोष्ट होती. पैसा कशावर खर्चावा हे सांगायला धंद्यातल्या माणसांची एक सल्लागार समिती नेमलेली होती. १९७२ मध्ये ती बंद पडली. त्यानंतर प्राधान्यक्रम ठरवण्याचं काम सरकारी खात्याकडे गेलं आणि जकातीतून येणाऱ्या रकमेचा बराच मोठा भाग वर्षानुवर्षं खात्याच्याच नेहमीच्या कामकाजाकडे वळत राहिला. स्पर्धात्मक अनुदानाला उरलं ते थोडं. किनाऱ्यावरच्या लोकांनी याबद्दल किती वर्षं कुरकुर केली असेल! अखेर २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकन संसदेने केलेला कायदा अमलात आला आणि २२ सदस्यांची मत्स्यव्यवसाय सल्लागार समिती पुन्हा उभी राहिली. वेगवेगळ्या सागरी प्रदेशांतले मासे पकडणारे, वाढवणारे, प्रक्रिया करणारे, विकणारे लोक तिच्यात आहेत. संशोधनाच्या गरजा कोणत्या ते सांगणं, अर्ज मागवण्याच्या सूचनेला आकार देणं आणि आलेल्या अर्जांकडे पाहून शिफारस करणं ही तिची कामं. जी जागा काढून घेतली होती ती परत मिळायला ५० वर्षं गेली.

या योजनेत अर्जाला पाच अंगांनी तोललं जातं: विषयाचं महत्त्व आणि उपयोग, शास्त्रीय गुणवत्ता, अर्जदाराची पात्रता, खर्चाची रास्तता, आणि निष्कर्ष लोकांपर्यंत नेण्याची सोय. आधी शास्त्रज्ञ गुण देतात, मग व्यवसायाशी संबंधित लोकांची समिती आपलं मत देते. अंतिम निर्णय घेणारा अधिकारी गुणांच्या क्रमाला बांधलेला नसतो. एकाच किनाऱ्याला सगळा पैसा जाऊ नये, तेच काम दुसरीकडे आधीच चालू नसावं, अशा ठरवून दिलेल्या कारणांसाठी तो क्रम बदलू शकतो. ही कारणं आधीच छापलेली असतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. क्रम बदलणं हा गुन्हा नाही. कारण न सांगता बदलणं अर्जदाराचा विश्वास मोडतं, आणि एकदा मोडलेला विश्वास पुढच्या दहा वर्षांच्या अर्जांवर सावली टाकतो.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट काढली. तिथलं मत्स्य संशोधन आणि विकास महामंडळ १९९१ पासून काम करतं. देशातल्या मासळी उत्पादनाच्या सरासरी मूल्याच्या ०.५ टक्का एवढी रक्कम सरकार बिनशर्त देतं. कारण असं दिलं जातं, की समुद्रातला मासा साऱ्या समाजाचा आहे, म्हणून त्याची देखभालही समाजाने करावी. त्यावर मच्छीमार आणि मत्स्यशेतकरी स्वतःच्या खिशातून जो वाटा देतात, त्याला सरकार आणखी ०.२५ टक्क्यापर्यंत जोड देतं. ज्याने पैसे घातले तो विचारणारच, माझ्या पैशाचं काय झालं? म्हणून तिथे राज्याराज्यांच्या संशोधन सल्लागार समित्या आहेत, आणि प्रकल्पाची गरज नेमकी कोणाला आहे, हा अर्जातला कळीचा प्रश्न आहे. प्रकल्प संपल्यावरचा अहवाल सर्वांना वाचायला खुला असतो, आणि त्याच्या आरंभी शास्त्रज्ञ नसलेल्या माणसाला कळेल असा सारांश द्यावा लागतो. मी असे काही सारांश वाचले आहेत. ते लिहिणं मूळ अहवालापेक्षा अवघड असावं असं वाटतं, इतके ते नेमके आहेत.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. मत्स्यसंशोधनाचा जवळजवळ सगळा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या छत्राखाली कोचीची सीएमएफआरआय, मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, कोचीचीच सीआयएफटी अशा संस्था आहेत. त्यांच्या अंतर्गत प्रकल्पांना संस्थेची संशोधन समिती तपासते, ‘आरपीपी’ नावाचे ठरावीक नमुने भरावे लागतात. बाहेरचा निधी हवा असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग आहे, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आहे. २००८ च्या कायद्याने झालेलं ‘सर्ब’ मंडळ २०२३ च्या कायद्याने नव्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं गेलं. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा आकडा २०,०५० कोटींचा, पण तिचा भर बंदरं, शीतगृहं, नौका, तळी यांवर. संशोधनाच्या अर्जाला ते दार क्वचितच उघडतं.

या सगळ्यात मच्छीमाराला कुठेच जागा नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. परिषदेच्या संस्थांच्या सल्लागार समित्यांवर शेतकरी आणि ग्रामीण हितसंबंधांचे बिगरसरकारी प्रतिनिधी असतात, आणि त्यातले काही फार नेटाने बोलतात. पण ते बोलतात संस्थेच्या दिशेबद्दल. एकेका अर्जाला जिथे गुण पडतात त्या खोलीत इतक्या वर्षांत मी एकही तांडेल बसलेला पाहिला नाही.

तिथे तो असता तर काय सांगू शकला असता, याचा मला आलेला अनुभव सांगते. माझी एक विद्यार्थिनी पहाटे जेटीवर पापलेटांची लांबी मोजत बसली होती. फूटपट्टी लावलेली लाकडी फळी, ओली वही, बोटं गारठलेली. एक वयस्क नाखवा बराच वेळ उभा राहून बघत होता. मग म्हणाला, “पोरी, तू मोजतेस ती आम्ही निवडून आणलेली. बारकी कुठे गेली ती तुला दिसली का?” तो तिला नौकेवर घेऊन गेला. खणात तीन ढीग वेगळे होते. मोठं पापलेट बर्फात, लिलावासाठी. मधलं स्थानिक बाजारासाठी. आणि तळव्याएवढीही नसलेली पिल्लं इतर चुऱ्यात मिसळून, फिशमीलच्या कारखान्याकडे जायला तयार. हा तिसरा ढीग लिलावाच्या जागी येतच नव्हता. लिलावाच्या टोपलीतूनच नमुना घेतला तर पापलेटाची लांबी नेहमीच फुगलेली दिसणार, आणि पिल्लं किती मारली जातात ते कागदावर कधीच येणार नाही. तिच्या प्रस्तावात, जो मीच तपासून पाठवला होता, ‘उतरवणी केंद्रावरून यादृच्छिक नमुने’ एवढंच लिहिलेलं होतं. तो प्रस्ताव मंजूर झाला होता, चांगल्या गुणांनी. नाखव्याने दोन वाक्यांत दाखवलेली चूक मला, तिला आणि परीक्षकांना, कुणालाच दिसली नव्हती.

म्हणून मी या पुस्तकातल्या मांडणीशी मनापासून सहमत आहे, की प्रश्न कुठल्या बंदरातून आला आणि उत्तर कुठल्या बंदरात परत जाणार, हे दोन प्रश्न अर्जात सगळ्यात आधी विचारले जावेत. अर्जदार बंदरावर कुणाकुणाशी बोलला ते त्याने लिहावं. समितीवर समुद्रावर जाणारं माणूस असावं, आणि त्याच्यासाठी कागद मराठीत असावेत. कार्यपद्धतीची तीन पानं इंग्रजीत समोर ठेवून “तुमचं मत सांगा” म्हणण्याला सहभाग म्हणता येत नाही.

पण मला यातला धोकाही दिसतो, आणि पुस्तक त्याच्याकडे पाठ फिरवत नाही याचा आनंद आहे. ‘मच्छीमार’ हा काही एक माणूस नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध आणले, तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात किती ताण आहे, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. समजा, पर्ससीनमुळे बांगड्याच्या साठ्यावर काय परिणाम होतो यावरचा अर्ज आला. समितीवर पर्ससीन मालक असेल तर तो अर्ज पाडेल, रापणकार असेल तर उचलून धरेल, अशी शंका लगेच घेतली जाईल, आणि ती नेहमीच चुकीची असेल असं नाही. ज्या अर्जाच्या निकालाने आपलं जाळं राहतं की जातं हे ठरणार आहे, त्याला गुण देणं कुठल्याही माणसाला जड जाईल. शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. परीक्षकाचा स्वतःचा प्रस्ताव त्याच निधीच्या रांगेत असतो, अर्जदार त्याचा जुना विद्यार्थी किंवा जुना प्रतिस्पर्धी असतो. मत्स्यशास्त्राचं वर्तुळ लहान आहे. नाव झाकलं तरी कुठल्या बंदराचे नमुने आणि कुठली प्रयोगशाळा यावरून अर्जदार ओळखू येतो. यावर मला माहीत असलेला एकच उपाय आहे. हितसंबंध उघड सांगायचे, त्या अर्जापुरतं खोलीबाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. दोन वेळा मी स्वतः बाहेर जाऊन बसले आहे. बाहेरच्या बाकावरची ती वीस मिनिटं अवघड जातात, पण आत बसून दिलेल्या गुणांपेक्षा ती बरी.

गुण म्हणजे काही वजनकाट्यावरचा आकडा नव्हे, हेही नव्या परीक्षकाने समजून घ्यावं. १९८१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले १५० प्रस्ताव दुसऱ्या परीक्षकांच्या गटाला वाचायला दिले. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता: अर्ज मंजूर होणं हे जवळजवळ निम्मं अर्जाच्या गुणांवर आणि निम्मं तो कोणाच्या हाती पडला यावर अवलंबून होतं. २०१८ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या २५ अर्जांवर आणि ४३ परीक्षकांवर असाच प्रयोग झाला, तेव्हाही एकाच अर्जाबद्दल परीक्षकांचं फारसं एकमत आढळलं नाही. हे मत्स्यशास्त्रातले अभ्यास नव्हेत, पण आपण वेगळ्या मातीचे आहोत असं मानायला मला काही आधार दिसत नाही. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३ पासून काही लहान अनुदानांसाठी पात्र अर्जांतून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. मी तिथवर जाणार नाही. पण ७८ गुणांचा अर्ज मंजूर आणि ७७ चा नामंजूर करताना हात थोडा थरथरला पाहिजे. आणि नामंजूर अर्जदाराला ‘शिफारस केली नाही’ या तीन शब्दांऐवजी निदान अर्धं पान कारण मिळालं पाहिजे. त्या अर्ध्या पानावर पुढचा अर्ज उभा राहतो.

आता एक रोकडी गोष्ट. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. समुद्राचं वर्ष बंदी उठल्यावर सुरू होतं. मंजुरीचं पत्र फेब्रुवारीत आलं, पहिला हप्ता मार्चच्या पहिल्या आठवड्यात जमा झाला आणि ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं, तर संशोधक काय करणार? उपकरणं घेणार, कारण उपकरणाचं बिल एका दिवसात होतं. नमुन्यांना आणि माणसाला पैसे महिनोन्‌महिने लागतात. २०२३ मध्ये कनिष्ठ संशोधन फेलोचं मानधन ३७,००० रुपये झालं ही चांगली गोष्ट, पण हप्ता अडकला की त्या मुलाला चार-चार महिने हात पसरावे लागतात, आणि तो नोकरी धरून निघून गेला की बंदरावरची नोंदवही तिथेच थांबते. मासे मात्र थांबत नाहीत. एका मोसमाची चुकलेली नोंद पुढच्या कुठल्याही अनुदानाने भरून निघत नाही. खर्चाची छाननी करणाऱ्याने रकमेइतकंच तारखांकडे बघावं, असं मी गेली कित्येक वर्षं समित्यांमध्ये सांगत आले आहे.

आणि हे सगळं कशासाठी? २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. कित्येक पहाटे कित्येक मुलामुलींनी ओल्या फळीवर ठेवून मोजलेल्या माशांतून असा आकडा तयार होतो, आणि त्या प्रत्येक पहाटेमागे कधीतरी कुणीतरी वाचून गुण दिलेला एक अर्ज असतो. तो अर्ज कुणी वरवर वाचला असेल, तर आकडा कच्चा राहतो. आकडा कच्चा असला की नाखवा त्याला मानत नाही, आणि न मानण्याचा त्याला हक्कही आहे.

पुस्तकातली प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. अर्ज लिहिणाऱ्याने गरज मांडण्याचं आणि अंदाजपत्रकाचं प्रकरण आधी वाचावं. परीक्षकाने हितसंबंधांवरचं. मच्छीमार सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी लिहिलेलं प्रकरण छोटं आहे, पण माझ्या मते ते सगळ्यात जास्त हातांत पडायला हवं. आपला प्रश्न विद्यापीठाकडे कसा न्यावा, हे मराठीत इतक्या साध्या शब्दांत लिहिलेलं मी याआधी पाहिलेलं नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या फेरीसाठी प्रस्ताव नव्याने लिहिला. लिहिण्याआधी ती त्या नाखव्याकडे दोनदा जाऊन आली. नमुने आता नौकेवरच, निवड होण्याआधी, तिन्ही ढिगांतून घ्यायचे ठरले, आणि ते घेऊ देणाऱ्या आठ नौकांची नावं तिने मालकांच्या सह्यांनिशी जोडली. वेळापत्रकात जून-जुलैचे चौकोन पांढरे ठेवले, पण त्यांच्याखाली एक नवी ओळ आली. पावसाळ्यात जाळी उतरवून शेडमध्ये दुरुस्तीला पसरलेली असतात. एरवी हाती न लागणारं अख्खं जाळं तेव्हा जमिनीवर असतं. त्या दोन महिन्यांत ती प्रत्येक नौकेच्या जाळ्याचा आस मोजणार होती.